संसदेच्या भिंतीआडची माणसे : कुरुंदवाडच्या दप्तरापासून दिल्लीच्या कार्यवृत्तापर्यंत

१/
मित्रहो, संसद म्हटली की आपल्याला भाषणे आठवतात, घोषणा आठवतात, सभात्याग आठवतो. आजचा धागा मात्र भाषण न करणाऱ्या माणसांचा आहे. प्रत्येक शब्द टिपून घेणारे, दारे राखणारे, कागद पोहोचवणारे, भाषांतर करणारे, स्वयंपाक करणारे, बाग सांभाळणारे. त्यांच्यावाचून संसदेचा एक दिवसही निभत नाही. आणि या गोष्टीची सुरुवात दिल्लीत न करता कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडात करणे योग्य ठरेल. (धागा दीर्घ आहे. सवडीने वाचा.)

२/
कुरुंदवाड म्हणजे पटवर्धनांचे संस्थान. पुढे त्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. पटवर्धन घराण्याच्या निरनिराळ्या शाखा मिरज, सांगली, जमखंडी, कुरुंदवाड अशा पसरल्या होत्या. पेशवाईतील मोहिमा, रसद, तह, रुसवेफुगवे या साऱ्यांची बातमी या घराण्याच्या पत्रांतून अखंड वाहत होती. पत्रांखाली नाव सरदाराचे असे. पण ती लिहून घेणारे, नकला काढणारे आणि बस्त्यात बांधून ठेवणारे कारकून होते.

३/
मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पटवर्धनी दप्तरातील हे कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. मराठ्यांच्या उत्तरकाळाचा इतिहास लिहिताना त्या खंडांना टाळून पुढे जाता येत नाही. आता विचार करा. कारकुनाने त्या रात्री कंटाळून चार ओळी गाळल्या असत्या, तर शास्त्रीबुवांना काय मिळाले असते? सत्ता दरबारात दिसते आणि इतिहास दप्तरात उरतो. हे सूत्र हाती धरून आता दिल्लीस जाऊ.

४/
१२ फेब्रुवारी १९२१. ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते नव्या दिल्लीत एका वर्तुळाकार इमारतीची कोनशिला बसली. वास्तुकार एडविन लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर. व्यास ५६० फूट, बाहेरच्या ओवरीस १४४ खांब, प्रत्येक खांब २७ फूट उंच. खर्च सुमारे ८३ लाख रुपये. १८ जानेवारी १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचे उद्घाटन केले.

५/
कोनशिलेवर ड्यूकचे नाव आले, उद्घाटनात व्हाइसरॉयचे. दगड आणि संगमरवर घडवण्याच्या कामी मात्र सुमारे २,५०० पाथरवट आणि गवंडी राबत होते. सहा वर्षे छिन्नी-हातोड्याचा आवाज चालला असेल. इमारतीच्या मापांचा आकडा फुटांत नोंदला गेला, खर्चाचा रुपयांत नोंदला गेला. पाथरवट मात्र इतिहासात घाऊक संख्येनेच उरले. भिंतीआडच्या माणसांची ही पहिली तुकडी.

६/
या इमारतीत मधोमध ग्रंथालयाचे दालन आणि भोवती तीन सभागृहे होती. एक विधानसभेचे, एक राज्यपरिषदेचे आणि तिसरे नरेंद्रमंडळाचे, म्हणजे संस्थानिकांच्या सभेचे. मोठ्या संस्थानांच्या अधिपतींना तिथे स्वतःच्या हक्काने आसन होते. कुरुंदवाडसारख्या बिनसलामी, लहान संस्थानांची गोष्ट निराळी. अशा १२७ संस्थानांना मिळून अवघे १२ प्रतिनिधी निवडता येत. म्हणजे राजाच्याच वाट्याला प्रतिनिधित्वाचा एक तुकडा येई. प्रजेच्या वाट्याला तर तोही नव्हता.

७/
काळाचा न्याय पाहा. याच नरेंद्रमंडळाच्या दालनात १९३७ पासून फेडरल कोर्ट भरू लागले. २८ जानेवारी १९५० रोजी स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा आरंभही तिथेच झाला आणि १९५८ पर्यंत ते तिथेच बसत होते. संस्थानिकांसाठी बांधलेल्या दालनात प्रजाजन नागरिक म्हणून दाद मागू लागले. तोवर, ८ मार्च १९४८ रोजी, कुरुंदवाड संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते.

८/
आता पडद्यामागे शिरू. पहिला प्रश्न : संसदेचे कर्मचारी नोकर कोणाचे? आज हा प्रश्न कोरडा वाटतो, पण १९२० च्या दशकात तो जीवनमरणाचा होता. विधानसभेचे कामकाज सांभाळणारे कार्यालय सरकारच्या कायदे खात्याच्या हाताखाली होते. ज्या सरकारला जाब विचारायचा, त्याच सरकारचे कारकून सभागृहाचे कागद हाताळीत. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांना हे मान्य नव्हते.

९/
विठ्ठलभाईंनी आग्रह धरला, मोतीलाल नेहरूंनी सभागृहात ठराव मांडला, आणि १० जानेवारी १९२९ रोजी विधानसभेचे स्वतंत्र खाते अस्तित्वात आले. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ९८ ने प्रत्येक सभागृहाच्या स्वतंत्र सचिवालयाची तरतूद केली. म्हणजे आजही लोकसभेतील साधा लिपिक कोणत्याही मंत्रालयाचा नोकर नसतो. त्याच्या वेतनाच्या पावतीमागे हा लढा उभा आहे.

१०/
त्याच वर्षीची दुसरी तारीख सर्वांना पाठ आहे : ८ एप्रिल १९२९. प्रेक्षकांच्या सज्जातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले, पत्रके उधळली आणि स्वतःला अटक करवून घेतली. या घटनेनंतर सभागृहाची सुरक्षा कोणाच्या हाती असावी, हा वाद पेटला. सरकारला आपले पोलीस आत हवे होते. विठ्ठलभाईंचे म्हणणे असे की सभागृहाच्या आत हुकूम अध्यक्षांचाच चालला पाहिजे.

११/
या वादातूनच ‘वॉच अँड वॉर्ड’ ही सभागृहाची स्वतःची रखवालदार यंत्रणा उभी राहिली. त्यापूर्वी दारवान आणि निरोप्ये एवढाच जामानिमा होता. या यंत्रणेतील माणसे बंदूक न बाळगता दारे राखत. खासदारांचे चेहरे ओळखणे, पास तपासणे, सज्जातील पाहुण्यास गप्प बसण्याची विनंती करणे हे त्यांचे काम. २००९ साली तिचे नाव ‘संसद सुरक्षा सेवा’ झाले. या निःशस्त्र दारवानांची आठवण ठेवा. धाग्याच्या शेवटाकडे ते पुन्हा भेटतील.

१२/
स्वातंत्र्यानंतर या घराची घडी बसवणारे पहिले गृहस्थ मराठी होते : गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, कर्मभूमी अहमदाबाद. जानेवारी १९४६ मध्ये ते मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ साली पहिल्या लोकसभेचे. सचिव महेश्वरनाथ कौल यांच्या साथीने त्यांनी नियम, समित्या आणि सचिवालय यांचा पाया घातला. सरकारच्या खर्चाच्या अंदाजांची छाननी करणारी अंदाज समिती १९५० साली सुरू झाली, ती याच काळातली.

१३/
पण त्याआधीचे एक प्रकरण पाहिलेच पाहिजे : संविधान सभा. ९ डिसेंबर १९४६ रोजी ती भरली, ती याच इमारतीतील ग्रंथालयाच्या दालनात. दालन नीटनेटके करून त्याला सभागृहाचे रूप दिले होते. तेच पुढे सेंट्रल हॉल म्हणून प्रसिद्धीस आले. छत इतके उंच की वरून पंखे सोडण्यात अर्थ नव्हता. म्हणून जमिनीवर खांब रोवून त्यांच्या टोकाला उलटे पंखे बसवले गेले. कितीतरी पाहुण्यांना संसदेतील नेमकी हीच गोष्ट आठवत राहते.

१४/
अकरा अधिवेशने, १६५ दिवस. घटनेच्या मसुद्यात एखादा शब्द बदलला की पुढची दहा कलमे पुन्हा तपासावी लागत. दिवसा सभागृहात सुधारणा मांडल्या जात. रात्री मसुदा कचेरीत त्या मूळ मजकुरात बसवून, टंकलिखित करून, दुसऱ्या दिवशी सभासदांच्या हाती द्याव्या लागत. संगणक नाही, झेरॉक्स नाही. टंकयंत्र, कार्बन कागद आणि छापखाना एवढीच साधने.

१५/
२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर समारोपाचे भाषण करण्यास उभे राहिले. त्या भाषणातील लोकशाहीविषयीचे इशारे सर्वांना माहीत आहेत. पण त्याच भाषणाचा आरंभीचा भाग फारसा कोणी वाचत नाही. बाबासाहेबांनी घटनेचे श्रेय स्वतःकडे न ठेवता सल्लागार बी. एन. राव यांना आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना वाटून दिले. गुंतागुंतीचा प्रस्ताव सोप्या आणि स्पष्ट कायदेशीर भाषेत उतरवण्याच्या मुखर्जींच्या हातोटीचा त्यांनी गौरव केला.

१६/
ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मुखर्जींच्या हाताखालील कर्मचाऱ्यांनी किती कष्ट उपसले आणि प्रसंगी मध्यरात्र उलटून गेली तरी ते कसे राबत राहिले, हेही त्यांनी सभागृहात सांगितले. १९२० च्या मार्चमध्ये कुरुंदवाडच्याच परिसरातील माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी ज्या तरुण नेत्याचा गौरव केला होता, तो २९ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च सभागृहात अनामिक कारकुनांचा गौरव करीत होता. ज्यांचे श्रम कुणी मोजत नाही, त्यांचे श्रम कामकाजात नोंदवून घेणे, हे त्यांच्या आयुष्यभराच्या भूमिकेला साजेसेच होते.

१७/
२४ जानेवारी १९५० रोजी २८४ सभासदांनी घटनेवर स्वाक्षऱ्या केल्या. त्यांत कुरुंदवाड ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील निमशिरगावचे एक सुपुत्र होते : रत्नाप्पाण्णा कुंभार. कोल्हापूर संस्थानातील प्रजा परिषदेच्या चळवळीतून पुढे आलेले हे नेते. ज्या भागातील लोकांना नरेंद्रमंडळाच्या दारात उभे राहण्याचीही मुभा नव्हती, तिथला एक माणूस आता घटनेच्या पानावर सही करीत होता.

१८/
त्या पानामागेही हात आहेत. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. सजावट शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. हिंदी प्रतीसाठी लागलेला हातकागद पुण्याच्या हातकागद संशोधन केंद्रातला. म्हणजे घटनेच्या एका मूळ प्रतीचा देहच पुण्यात घडलेला आहे. आज या प्रती संसदेच्या ग्रंथालयात प्राणवायूविरहित, हवाबंद पेट्यांत जपल्या आहेत, आणि त्या पेट्यांतील आर्द्रतेवर नजर ठेवणे हेसुद्धा कुणाचे तरी रोजचे काम आहे.

१९/
आता एक रोजचा दिवस पाहू. समजा, कुरुंदवाडला महापुराने वेढले आहे, जसे २००५, २०१९ आणि २०२१ साली झाले. खासदाराला पूरनियंत्रणाविषयी जलशक्ती मंत्र्यांना प्रश्न विचारायचा आहे. तो प्रश्न थेट सभागृहात जात नाही. आधी लेखी सूचना द्यावी लागते, तीही किमान १५ पूर्ण दिवस अगोदर. प्रश्न शाखेतील अधिकारी तो नियमांच्या चाळणीतून गाळतात : विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे का, त्यात आरोप किंवा तर्क शिरला आहे का, तो फार लांबला आहे का?

२०/
मग सोडत निघते. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित प्रश्न घेतले जातात आणि २३० अतारांकित. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी. तारांकितांची यादी हिरव्या कागदावर आणि अतारांकितांची पांढऱ्या कागदावर छापण्याची रूढी. तेव्हा पूरग्रस्त गावाचे भाग्य कधी कधी सोडतीच्या चिठ्ठीवर आणि कागदाच्या रंगावर ठरते. ती सोडत निष्पक्ष निघते, यावर सर्व पक्षांचा विश्वास असतो. तो विश्वास सचिवालयाने कमावलेला आहे.

२१/
सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. सभागृहाच्या मध्यभागी एका मेजाशी प्रतिवेदक बसतात. लघुलेखनात निष्णात अशी ही माणसे. पाळी साधारण पाच मिनिटांची. एकाची पाळी संपली की दुसरा अलगद येऊन बसतो, पहिला आपल्या खोलीत जाऊन मजकूर उतरवू लागतो. दिवसभर ही साखळी तुटत नाही. पाच मिनिटे थोडी वाटत असतील, तर एकदा तीस माणसे एकदम ओरडत असताना त्यांतील एकाचे वाक्य अचूक टिपून पाहा.

२२/
प्रतिवेदकाचा धर्म कडक आहे. बोलणारा कोणत्या पक्षाचा, त्याचे म्हणणे आपल्याला पटते की नाही, हे सारे बाजूला. त्याने भाषण सुंदर करायचे नाही आणि बिघडवायचेही नाही. पीठासीन अधिकाऱ्याने एखादा शब्द कामकाजातून काढण्याचा आदेश दिला, तर त्या जागी तारकाचिन्हे पडतात आणि तळाशी तशी टीप येते. शब्द गेला, तरी तो गेल्याची खूण राहते. दप्तर प्रामाणिक असणे म्हणजे काय, हे या तारकांकडे पाहून कळते.

२३/
दुसरी जागा काचेच्या खोल्यांची. ७ सप्टेंबर १९६४ पासून लोकसभेत इंग्रजी-हिंदी तत्काळ भाषांतराची सोय झाली. अनुच्छेद १२० नुसार कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालते, पण या भाषा येत नसतील तर पीठासीन अधिकारी सदस्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. मराठीसारख्या भाषेत बोलायचे तर आधी कळवावे लागे, म्हणजे दुभाषी बसवता येई. अलीकडच्या वर्षांत मराठीसह अनेक भाषांत कामकाज ऐकण्याची सोय झाली आहे.

२४/
दुभाष्याची कसोटी वेगळीच. वक्ता ‘महापूर’ म्हणतो तेव्हा शब्द सोपा असतो. पण तो ‘गाळपेर’ किंवा ‘मळई’ म्हणाला तर? नदीकाठच्या शेतकऱ्याचा शब्द क्षणार्धात दुसऱ्या भाषेत उतरवायचा, तोही वक्त्याचे पुढचे वाक्य ऐकत असतानाच. इथे चूक झाली तर शेतकऱ्याचे दुःख मंत्र्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. खासदाराने प्रश्न विचारलेला असतो, मंत्र्याने उत्तर दिलेले असते, आणि मधल्या माणसाच्या हाती दोघांचाही अर्थ असतो.

२५/
इमारतीचे पोटही सांभाळावे लागते. अनेक दशके संसदेची उपाहारगृहे उत्तर रेल्वे चालवीत होती. भारतीय पर्यटन विकास महामंडळाकडे ती गेली आणि २०२१ च्या सुरुवातीस खाद्यपदार्थांवरील अनुदान बंद झाले. स्वस्त थाळीवरून खासदारांची पुष्कळ थट्टा झाली. पण त्या थाळ्यांवर जेवणाऱ्यांत कर्मचारी, पत्रकार आणि सुरक्षारक्षकही होते, हे थट्टेच्या ओघात विसरले गेले. मतविभागणीची घंटा लोकसभेत साडेतीन मिनिटे वाजते. चहाचा पेला तसाच टाकून सदस्य धावतात, आणि पेले उचलणारा मागे उरतो.

२६/
एक मजेदार पोटजात सांगायलाच हवी. या परिसरात माकडांचा उपद्रव जुना. पूर्वी त्यांना पळवण्यासाठी वानर पाळणारे लोक नेमले जात. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झाल्यावर माणसांनीच वानराचा आवाज काढण्याचे काम पत्करले. २०१४ साली मंत्री वेंकय्या नायडू यांनी राज्यसभेत लेखी उत्तरात सांगितले की नवी दिल्ली नगरपालिका परिषदेने यासाठी ४० प्रशिक्षित तरुण नेमले आहेत. हसू येते खरे. पण हीसुद्धा नोकरीच आहे, आणि तिची नोंद झाली ती संसदेच्याच कामकाजात.

२७/
आता नोंदीचे खरे मोल कधी कळले ते पाहू. १९५६ साली फिरोज गांधी यांच्या प्रयत्नाने एक कायदा झाला. संसदेतील कामकाजाचा खराखुरा वृत्तान्त छापणाऱ्या वृत्तपत्राला त्यामुळे संरक्षण मिळाले. आणीबाणीत तो कायदा रद्द करण्यात आला. मधू दंडवते यांच्यासह काही विरोधी नेत्यांना जून १९७५ मध्ये बंगळुरात अटक झाली, ते तिथे संसदीय समितीच्या कामासाठी गेले होते. मधू लिमयेही तुरुंगात गेले. २१ जुलै १९७५ रोजी लोकसभा भरली, पण प्रश्नोत्तराचा तास स्थगित होता.

२८/
तरीही काही विरोधी सदस्य त्या सभागृहात उभे राहिले आणि बोलले. केरळचे ए. के. गोपालन हे त्यांपैकी एक. सेन्सॉरमुळे वृत्तपत्रांना विरोधकांची अशी भाषणे मोकळेपणी छापता येत नव्हती. कुरुंदवाडच्या वाचनालयात सकाळी येणाऱ्या वर्तमानपत्रात त्या दिवशी लोकसभेत काय झाले ते धड कळण्याची सोय नव्हती. पण सभागृहाच्या मध्यभागी प्रतिवेदक नेहमीप्रमाणे आपल्या पाळीला बसले आणि त्यांनी ते लिहून घेतले.

२९/
म्हणूनच लोकसभेच्या कार्यवृत्ताच्या खंडांत ते भाषण आज आपल्याला वाचता येते. ज्या काळात देशाला ऐकू दिले गेले नाही, त्या काळाचे शब्द कागदाने सांभाळले. लघुलेखनाच्या त्या रेघांत शौर्याचा कोणताही आव नव्हता. नेमून दिलेले काम नेमकेपणाने करणे एवढेच त्यांनी केले. विठ्ठलभाईंनी १९२९ साली कर्मचारी सरकारपासून वेगळे का मागितले होते, त्याचे उत्तर ४६ वर्षांनी इथे मिळाले. १९५६ च्या कायद्यातील संरक्षण १९७७ साली परत आले आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याला घटनेत स्थान दिले.

३०/
आणि आता ते निःशस्त्र दारवान. १३ डिसेंबर २००१. सभागृहे नुकतीच तहकूब झाली होती, मंत्री आणि खासदार अजून इमारतीत होते. शस्त्रधारी अतिरेकी मोटारीतून आवारात शिरले. वॉच अँड वॉर्डचे जगदीशप्रसाद यादव त्या मोटारीमागे धावले. मातबरसिंग नेगी यांनी दार बंद करण्यासाठी धाव घेतली. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कॉन्स्टेबल कमलेश कुमारी यांनी धोक्याची हाक दिली. तिघेही मारले गेले.

३१/
दिल्ली पोलिसांचे पाच जवानही त्या दिवशी धारातीर्थी पडले. आणि बागेत काम करणारा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा माळी देशराज, तोही गेला. दारे वेळेवर बंद झाली म्हणून आतली माणसे वाचली. यादव, नेगी आणि कमलेश कुमारी यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ज्यांच्यापाशी बंदूक नव्हती, त्यांनी दार नावाचे शस्त्र वापरले. बाहेरून संसद म्हणून आपण जी पाहतो, ती त्या दिवशी काही क्षण या माणसांच्या देहावर उभी होती.

३२/
२८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले आणि १९ सप्टेंबर २०२३ पासून कामकाज तिथे सुरू झाले. जुन्या वर्तुळाला ‘संविधान सदन’ हे नाव मिळाले. नव्या लोकसभेत ८८८ आसने, राज्यसभेत ३८४. पायाखालचे गालिचे भदोही आणि मिर्झापूरच्या विणकरांनी हाताने विणलेले. इमारत बदलली, यंत्रे बदलली. पण प्रश्न गाळून घेणारा, शब्द टिपणारा, अर्थ पोहोचवणारा आणि दार राखणारा माणूस तिथेही लागतोच.

३३/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना यातून एक पद्धत सांगावीशी वाटते. कोणत्याही सत्ताकेंद्राचा अभ्यास करताना तीन प्रश्न विचारा. नोंद कोण ठेवत होते? ते कोणाचे नोकर होते? आणि नोंद बदलण्याचा हुकूम आला असता, तर तो नाकारण्याची मुभा त्यांना होती का? पटवर्धनी दप्तराला हे प्रश्न विचारता येतात, पेशवे दप्तराला विचारता येतात, लोकसभेच्या कार्यवृत्तालाही विचारता येतात. उत्तरे मिळाली की भाषणांचे वजन नव्याने कळते.

३४/
शेवटची सूचना. लोकसभेची जुनी कार्यवृत्ते आज आंतरजालावर सर्वांना खुली आहेत. तिथे आपल्या तालुक्याचे, नदीचे, धरणाचे नाव घालून शोधा. कृष्णा, पंचगंगा, अलमट्टी अशी नावे घातली तर आपल्या भागाची कितीतरी दुःखे तिथे शब्दशः जपलेली सापडतील. वाचताना क्षणभर थांबा आणि ते वाक्य कुणीतरी पाच मिनिटांच्या पाळीत, गोंगाटात कान टवकारून लिहून घेतले होते, याची आठवण ठेवा.

३५/
तुमच्या घरात किंवा गावात जुन्या संस्थानी कचेऱ्यांत, नगरपालिकेत, विधिमंडळात किंवा संसदेत शिपाई, लघुलेखक, दारवान, दफ्तरी म्हणून काम केलेले कुणी असेल, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या. तारीख, जागा आणि कामाचे नाव विसरू नका. सरदारांच्या पत्रांना खरेशास्त्री मिळाले. या माणसांच्या आठवणींना तुमच्यापैकीच कुणी मिळाला, तर या धाग्याचे सार्थक झाले असे समजू. (समाप्त)